वाऱ्याची धास्ती आणि हजार यार्ड

प्रश्न : मी क्लबमध्ये 50 मीटरवर पालथं पडून रायफल नेमबाजी करते. गुण बरे पडतात. प्रशिक्षक म्हणतात, 900 आणि 1000 यार्डांच्या टार्गेट रायफल स्पर्धेला नाव दे. पण मला वारा वाचता येत नाही आणि मोठी रायफलही नाही. वर्षभर सराव करून मग उतरले तर चालेल का?

उत्तर : नको ताई, याच मोसमात उतरा. 50 मीटरवर वर्षभर गोळ्या झाडल्यात तरी हजार यार्डांचा वारा तिथे भेटायचा नाही.

दंडाला पट्टा आवळणं, श्वास धरून चाप ओढणं, मागच्या बारीक छिद्रातून पुढची कडी आणि काळा गोल जुळवणं, हे तुम्हाला येतंच. टार्गेट रायफलवरही दुर्बीण नसते. नवा असतो तो वारा. 7.62 मिमीची, 155 ग्रेन वजनाची गोळी तिथवर पोचायला साधारण दीड सेकंद घेते. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा तेवढ्यात तिला अडीच मीटरच्या आसपास ढकलतो. आणि बुल, म्हणजे निशाणाचा अगदी मधला गोल, केवढा, तर 20 इंचांचा! वाऱ्यातला ताशी दीडेक किलोमीटरचा फरक नजरेतून सुटला, की मधोमध लागणारी गोळी बुलच्या काठावर जाते. असे गुण भल्याभल्यांचे जातात, मग नवख्याने कसली लाज धरायची?

नव्या मंडळींना मी आधी बट्समध्ये, म्हणजे निशाणांपाशी, पाठवतो. तिथे भिंतीआड उभं राहून निशाणाची चौकट खाली ओढायची, भोकात खुणेची चकती लावायची, जुनं भोक बुजवायचं, चौकट पुन्हा वर. (खांदे भरून येतात, आधीच सांगून ठेवतो.) पण दुसऱ्याच्या गोळ्या कुठून कुठे सरकतात हे तिथे हातभर अंतरावरून दिसतं. इंग्लंडमधल्या बिस्लीच्या नेमबाजी मैदानावरच्या पद्धतीत दोघं-तिघं एकाच निशाणावर आळीपाळीने मारतात आणि एकमेकांचे गुण लिहितात. शेजाऱ्याची चांगली सुटलेली गोळी अचानक डावीकडे गेली, तर आपली झाडण्याआधी मैदानावरचे वाऱ्याचे झेंडे पुन्हा बघायचे. एवढी शिकवणी फुकटात कोण देतं?

रायफल क्लबची मागा, फक्त दस्त्याची लांबी आधी जुळवून घ्या.

बाई म्हणून बिचकत असाल तर एक ऐका. बिस्लीचं किंग्ज प्राइझ, तिथल्या स्पर्धेतलं मानाचं बक्षीस, 1930 मध्ये मार्जोरी फॉस्टर यांनी जिंकलं. ते जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि समोर रांगेत बहुतेक पुरुषच होते.

जाताना स्टँडवरची दुर्बीण न्या. तिचा फोकस निशाणाच्या थोडा अलीकडे आणलात की उन्हाच्या झळा दिसतील. त्या वाहतील तिकडे वारा. वाहायच्या थांबून सरळ वर उकळायला लागल्या, तर बोट चापावरून काढा. बहुतेकदा तेव्हा वारा बाजू बदलण्याच्या बेतात असतो.