टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आणि मेंदूचा एमआरआय

प्रश्न : माझे मिस्टर ३६ वर्षांचे. बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती आणि वेल्डिंग करतात. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचं एक वृषण काढलं, मग सिस्प्लॅटिनची केमो झाली. आता थकवा आणि विसरभोळेपणा आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन २१० म्हणजे कमी आलं. डॉक्टर इंजेक्शनं सुरू करू म्हणतात. दीर म्हणतात, आधी आणि नंतर मेंदूचा एमआरआय काढला की फरक कळेल. काढावा का?
– वाचक, हर्णै

उत्तर : फरक बघायला काढू नका. साध्या एमआरआयमध्ये गाठ, सूज, रक्तस्राव दिसतो; टेस्टोस्टेरॉनचा परिणाम त्यावरून मोजता येत नाही. संशोधनात मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा फंक्शनल एमआरआय वापरतात, पण ते निष्कर्ष बऱ्याच माणसांच्या सरासरीवरून काढलेले असतात. एकाच माणसाची दोन चित्रं अपुऱ्या झोपेनं, अगदी चहानंही बदलतात.

आधी रक्ताची तपासणी पुन्हा करा. एका आकड्यावर कोणी इंजेक्शन सुरू करू नये. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी. नमुना दापोलीतच द्या, रत्नागिरी गाठेपर्यंत दुपार होते. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असतील तर तीन दिवस आधी बंद. काही यंत्रांवर त्यानं आकडा खोटाच वाढतो. सोबत एलएच (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारा, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन), थायरॉइड आणि बी-१२ बघा.

खरं उत्तर एलएचमध्ये आहे. तो वाढलेला असेल तर उरलेलं वृषणच कमी पडतंय, मेंदूचं चित्र नको. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच वाढलेला नसेल, तर प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचंच दुसरं हार्मोन तपासतात. तेही वाढलेलं असेल, टेस्टोस्टेरॉन १५०च्या खाली असेल किंवा डोकेदुखी, नजरेचा त्रास असेल, तर पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय लागतो.

तो काढायची वेळ आली तर वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम आधी सांगा. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात, कारण चुंबकानं कण हलून नजर जाऊ शकते. सिस्प्लॅटिननंतर कानात आवाज येत असेल तर कानाचे बोळे मागून घ्या, मशीनचा आवाज मोठा असतो. रंगद्रव्याचं इंजेक्शन देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा, रिपोर्ट न्या. सिस्प्लॅटिनचा मार किडनीवरही बसतो.

मूल हवं असेल तर पहिल्या इंजेक्शनाआधी वीर्य तपासून साठवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की एलएच दबतो आणि शुक्रजंतू बनणं खूप कमी होतं किंवा थांबतं. हे पुष्कळांना कोणी सांगतच नाही. इंजेक्शन सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, बघा. ५४ टक्क्यांवर गेला तर औषध थांबवतात.

प्रश्न : इंजेक्शनाऐवजी जेल चालेल? घरात लहान बाळ आहे.
– वाचक, चिपळूण

उत्तर : चालेल, पण सांभाळून. खांद्यांना लावून साबणानं हात धुवा, सुकल्यावर सदरा घाला. आपल्याकडच्या उकाड्यात उघड्या अंगानं बाळाला खांद्यावर घ्यायची सवय असते, ती सोडा. औषध बाळाच्या अंगात जातं. बाळाला घ्यायचंच असेल तर ती जागा साबणानं धुऊन मगच. पंचा वेगळा ठेवा.