इंग्रजीत भावना नेमक्या पोचवणारे शब्द कसे वाढवावेत?

याद्या पाठ करून शब्द वाढत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'रोज दहा शब्द' छापाचं उत्तर ज्यांना हवंय त्यांनी पुढे वाचायची तसदी घेऊ नये.

तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यमातून शिकलात, आता हिंजवडीत नोकरी करता, इंग्रजी वाचलेलं कळतं, पण लिहायला बसलं की 'गुड', 'नाइस', 'व्हेरी सॅड' यांच्यापुढे गाडी सरकत नाही. शिवाय मीटिंगमध्ये बाकीचे जडजड शब्द फेकतात तेव्हा आपण कमी पडतो असं वाटतं. या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसले. हे जड शब्दांचं प्रकरण आमच्या घरात बरीच वर्षं चालू आहे.

मी नर्स आहे. सासवडला मराठी शाळा, मग पुण्यात जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, आणि तेव्हापासून इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्ड. माझे एक चुलत दीर कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकलेले. एका गणपतीत सगळं गोत जमलेलं असताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमचं इंग्रजी फंक्शनल आहे हो. कामापुरतं." मी मोदकांच्या पाऱ्या करत होते, दोन्ही हात उकडीत, त्यामुळे ते बचावले. स्वतः भाऊजी 'प्लेथोरा' आणि 'मिरिअड'शिवाय वाक्य पुरं करत नाहीत; दोन्हींचा अर्थ साधारण 'पुष्कळ'. आमटीत मीठ कमी पडलं तरी त्यांना ती 'सबऑप्टिमल' लागते.

तर कामापुरतं इंग्रजी म्हणजे काय असतं, ते ऐका.

पेशंट दुखणं मराठीत सांगतो. ठणका लागलाय, चमक मारते, आग होतेय, पोटात पीळ पडतोय, पायाला रग लागलीय. नोट्स मात्र इंग्रजीत लिहायच्या. नवीन मुली सगळ्याला एकच लिहितात: 'कम्प्लेनिंग ऑफ पेन'. अगं, पण कसलं पेन? ठणक्याला 'थ्रॉबिंग', चमकेला 'शूटिंग', पिळाला 'क्रॅम्पिंग', रगेला 'एकिंग'. डॉक्टर त्यावरून अंदाज बांधतात. हे काही माझ्या मनचं नाही. रोनाल्ड मेलझॅक नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये दुखण्याची एक प्रश्नावली छापली, मॅकगिल पेन क्वेश्चनेअर. तिच्यात दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावलेत, आणि एकेका गटात कमीकडून जास्तीकडे. आगीचा गट बघा: हॉट, बर्निंग, स्कॅल्डिंग, सीअरिंग. भावना पोचवणारे शब्द म्हणजे हेच की. यातला एकही शब्द मीटिंगमध्ये भाव खाण्यासाठी कुणी वापरत नाही.

आता ती रात्र. मुळशीकडचे एक आजोबा, सकाळी आतड्याचं ऑपरेशन झालेलं. आधीच्या शिफ्टची नोट: 'पेशंट अनकम्फर्टेबल, पेन प्रेझेंट, इंजेक्शन गिव्हन'. मी राउंडला गेले तर आजोबा पांघरूण ओढतायत, फेकतायत, बसवा म्हणतायत, बसवलं की निजवा म्हणतायत. मुलगा म्हणाला, "दुखतंय म्हणून चिडचिड करतायत." मी मनगट धरलं. हात गार आणि चिकट ओला, कपाळही तसंच. बीपी फार पडलेलं नव्हतं, पण पल्स पळत होती. आरएमओंना, म्हणजे रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांना, फोन लावला. ते झोपेत, "पेनकिलर दिलंय ना? बघू सकाळी." मी म्हटलं, "सर, ही इज नॉट जस्ट इन पेन. ही इज रेस्टलेस अँड क्लॅमी. पल्स १२०." पलीकडे एक क्षण काही नाही, मग "आलो". आले, सर्जनना फोन गेला, आजोबा परत ऑपरेशन थिएटरात. आत रक्तस्राव होत होता. पोटात रक्त जात असलं तरी बीपी काही वेळ तग धरतं. त्याआधी पल्स वाढते, अंग गार पडून घाम येतो, माणूस बेचैन होतो. 'अनकम्फर्टेबल' म्हटल्यावर उशी बदलतात. 'रेस्टलेस अँड क्लॅमी' म्हटल्यावर डॉक्टर चप्पल शोधतात. आजोबा चालत घरी गेले.

हे दोन शब्द मी कुठल्या यादीत वाचले नव्हते. आमच्या वॉर्डात केरळच्या एक सीनियर सिस्टर होत्या. 'पेशंट इज बॅड' असं कुणी पाळी बदलताना हँडओव्हरला म्हटलं की त्या विचारायच्या, "बॅड हाऊ?" आणि उत्तर येईपर्यंत हलू द्यायच्या नाहीत. आम्ही चाचपडायचो, मग त्या आमचा हात धरून पेशंटच्या हातावर ठेवायच्या आणि शब्द सांगायच्या. तो शब्द मग कशाला विसरतोय!

तुम्हाला सांगायचं तर एवढंच. 'सॅड' लिहिलंत की स्वतःला विचारा, कसा सॅड? एकटं वाटतंय तर 'लोनली', कुणी शब्द दिला आणि पाळला नाही तर 'लेट डाऊन', बोललेलं लागलं तर 'हर्ट', गावची आठवण येतेय तर 'होमसिक'. 'व्हेरी' दिसला की समजा, त्याच्या मागे नेमका शब्द लपलाय. विशेषणांपेक्षा क्रियापदं धरा. 'वॉक्ड स्लोली'पेक्षा पाय ओढत चालला तर 'शफल्ड', लंगडला तर 'लिम्प्ड', झोकांड्या खात गेला तर 'स्टॅगर्ड'. आणि हे तुम्हाला जमत नाही असं मुळीच नाही. तुमच्या कामात स्क्रीन 'फ्रीझ' होते, 'फ्लिकर' होते, अ‍ॅप 'क्रॅश' होतं, 'लॅग' होतं. कॉम्प्युटरबद्दल इतकं नेमकं बोलता, तर माणसांबद्दलच 'नाइस' का?

डिक्शनरी घ्यायची तर इंग्रजी-इंग्रजी, तीही शिकणाऱ्यांसाठी केलेली. हॉर्नबी नावाचा मास्तर जपानात इंग्रजी शिकवायचा, त्याने सहकाऱ्यांबरोबर अशी एक डिक्शनरी केली. ती १९४२ मध्ये टोकियोत छापली गेली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढली. आपल्यासारख्यांसाठीच केलेली असल्याने तिच्यात अर्थ साध्या शब्दांत असतो आणि शब्द कशाशेजारी बसतो ते कळतं. चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नाही, हे अर्थ पाठ करून कळत नाही. अप्पा बळवंत चौकात जुनी आवृत्ती मिळाली तर तीही चालेल, 'क्लॅमी'चा अर्थ काही बदललेला नाही.

भाऊजींनी माझ्या मुलीला अकरावीत शब्दांची वही घालून दिली होती. तिने आजीवर निबंध लिहिला: 'माय ग्रँडमदर्स डिमाइज प्रिसिपिटेटेड अ प्लेथोरा ऑफ इमोशन्स'. मी म्हटलं, आजी गेली की कंपनी बुडाली? भाऊजींना मात्र ते वाक्य फार आवडलं होतं. त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

आता एक-दोन गोष्टी त्यांच्याही बाजूने सांगायला हव्यात. तुम्ही परदेशी उच्च शिक्षणासाठीची जीआरई परीक्षा देणार असाल तर माझं ऐकू नका. विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॅलॉजीचे प्रश्न तिच्यातून २०११ मध्ये काढून टाकले, पण गाळलेल्या जागा आहेतच आणि त्यांना याद्या लागतात. वकिली, सल्लागारी अशा कामांत जड शब्दांवाचून चालत नाही हेही मान्य. आणि भाऊजींचं वाचन खरंच दांडगं आहे.

अ‍ॅप कोणतं ते विचारलं होतंत. कार्ड ठरावीक अंतराने पुन्हा पुढे आणणारं कुठलंही घ्या. फक्त कार्डाच्या मागे अर्थ लिहू नका, त्या दिवशी खरंच घडलेलं एक वाक्य लिहा. मीटिंगमधल्या त्या माणसाने पुढच्या वेळी 'होलिस्टिक' काढलं की शांतपणे विचारा, "होलिस्टिक हाऊ?" आमच्याकडे मी मागच्या दिवाळीत विचारलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चकल्या यंदा छान झाल्यात."