सोयाबीन माना टाकतंय, टॉनिक फवारू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. दारव्हा तालुक्यात माझं पाच एकर कोरडवाहू सोयाबीन आहे. पेरून 32 दिवस झाले, पंधरा दिवसांपासून पावसाचा थेंब नाही. दुपारी पानं माना टाकतात. दुकानदारानं ‘पीक ताण सहन करते’ म्हणून टॉनिकची बाटली दिली. फवारू का?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी डवरा, म्हणजे कोळपं, मग फवाऱ्याचा पंप. काळी जमीन तडकली की भेगांतूनच ओल उडून जाते. फुलं लागायच्या आत एक डवरणी करून भेगा बुजवा. फुलावर आल्यावर मात्र डवरा घालू नका, मुळं तुटतात.

उद्या दिवस निघायच्या वेळी वावरात जा. पानं ताठ असतील, तर पीक अजून धरून आहे आणि फवाऱ्याचा उपयोग होईल. सकाळीही पानं लोंबत असतील, तर विहिरीत असेल तेवढं पाणी एक ओळ सोडून एक द्या. फवाऱ्यानं पाण्याची भूक भागत नाही, पाऊस येईपर्यंत फक्त थोडी कळ काढता येते.

फवारायचंच तर 13:00:45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट घ्या. दहा लिटर पाण्याला 100 ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला 150. पानांवरच्या बारीक छिद्रांची उघडझाप पालाशवर, म्हणजे त्यातल्या पोटॅशियमवर चालते, ती वेळेत मिटली की झाड पाणी राखतं. फवारा सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावरच मारा. मी एकदा कपाशीवर घाईत पंपाला 400 ग्रॅम टाकलं, तेही भर दुपारी. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या होत्या, बोटानं दाबलं की चुरा व्हायचा. ती चूक अजून सलते.

केओलिन, म्हणजे बारीक पांढरी माती, तीही चालते, दहा लिटरला 800 ग्रॅम. पानावर पांढरा थर बसतो, ऊन परततं. पण नोझल फार तुंबतं, पाच एकराला मी सांगणार नाही.

आता बाटलीचं. 2021 मध्ये बायोस्टिम्युलंट, म्हणजे असली टॉनिकं, खत नियंत्रण आदेशाखाली आले. लेबलवर त्यातले घटक आणि मात्रा लिहिलेली आहे का ते वाचा, पक्कं बिल मागा. दोन्ही मिळत नसेल तर बाटली परत करा, पैसे डिझेलला कामी येतील. लेबल बरोबर असेल तरी कीटकनाशकात मिसळू नका, आणि मधल्या चार ओळी न फवारता सोडा. आठ दिवसांनी फवारलेलं आणि न फवारलेलं सोयाबीन शेजारी उभं राहून पाहा, आणि काय दिसलं ते मला कळवा.