आधी खोली, मग पॉटी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मोठा मेसेज वाचला, फोटोही नीट पाहिले. लेकीची वेगळी खोली, भिंतींचे रंग, पलंग, पडदे, छतावर चिकटवायच्या चांदण्या, सगळं किती हौसेनं लिहिलंयस! वाचून फार बरं वाटलं. पण अगदी शेवटी एक ओळ टाकलीयस, ‘त्याच आठवड्यात डायपरही सोडवून टाकतो, म्हणजे सगळं एकदमच उरकेल.’ त्या ओळीसाठी हे पत्र. दोन्ही एकदम करू नकोस. आधी खोली कर. तिला तिथे रुळू दे, रात्रीची झोप पहिल्यासारखी लागू दे आणि मग पॉटीचं बघ.

कारण सांगते. सव्वादोन वर्षांच्या मुलीनं पाळणा सोडून पलंगावर झोपायचं, तेही आईबाबा जवळ नसलेल्या खोलीत, हेच तिच्यासाठी मोठं काम आहे. शी-शू थोडा वेळ धरून ठेवून योग्य जागी सोडायची, हे दुसरं तितकंच मोठं. पाळणाघर चालवलं त्या सगळ्या वर्षांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. घर बदललं, धाकटं भावंड आलं, रोजचं सांभाळणारं माणूस बदललं, की छान कोरडी राहणारी मुलंही परत चड्डी ओली करायला लागायची. त्यात हट्ट नसायचा. मूल गोंधळलं की नुकतंच शिकलेलं आधी सुटतं, इतकंच.

आता खोलीचं. रंग ठरवण्याआधी रिकाम्या खोलीत जमिनीवर बस आणि तिचे डोळे असतात त्या उंचीवरून चहूकडे बघ. उभ्यानं न दिसणारं बरंच दिसेल. प्लगचे पॉइंट, पडद्याची लोंबणारी दोरी, टेबलाचा कोपरा बरोबर कपाळाच्या रेषेत. ती दोरी आधी काढ किंवा उंच बांध. तिचा फास गळ्याला बसून मुलं दगावलेली आहेत आणि अशा वेळी आवाजही होत नाही. पलंग खिडकीपासून लांब ठेव. खिडकीखाली चढता येईल असं काहीच नको.

कपाटाकडे विशेष लक्ष दे. तुझ्या फोटोत खणांचं उंच कपाट दिसतंय. मूल काय करतं बघ. खालचा खण ओढतं, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. पुढे आलेल्या खणांवर पाय देत वर चढतं. सगळं वजन पुढे येतं आणि कपाट त्याच्यासकट कोसळतं. म्हणून असं प्रत्येक कपाट आणि शेल्फ पट्टी लावून भिंतीला स्क्रूनं आवळून घे. जड वस्तू खालच्या खणात ठेव. रंगरंगोटीतलं एखादं काम राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नकोस.

भिंतीचा जुना रंग खरवडायचा विचार असेल तर थांब. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. कोरडं घासलं की त्याची धूळ होते, ती जमिनीवर बसते, तिथून हातावर आणि हातावरून तोंडात जाते. वाढत्या मेंदूला शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. आधी रंगाची तपासणी करून घे, शिसं निघालं तर काम जाणकार माणसाकडून करवून घे आणि तोवर लेकीला त्या खोलीत नेऊ नकोस. नवा रंग शिसेविरहित आणि कमी वासाचा घे आणि तो लावल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेव. वास गेल्याशिवाय तिला तिथे झोपवायचं नाही.

दिव्यांच्या माळा आणि आवाज करणारी खेळणी घेताना मागचं झाकण बघ. आत बटणासारखी चपटी बॅटरी असेल आणि झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू घरात आणू नकोस. अशी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर 2 तासांतही आतून भाजून गंभीर इजा होते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता इस्पितळ गाठायचं.

रंग कोणता हे मी सांगणार नाही. तुम्हाला आवडलेल्या दोन छटा तिच्यापुढे ठेवा आणि ती बोट ठेवेल तो घ्या. खेळणी मात्र कमी मांड. टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांपुढे एकदा 4 खेळणी ठेवली, एकदा 16. चारच होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून तिच्या हाताला येईल असं बुटकं, उघडं शेल्फ कर, त्यावर मोजकीच खेळणी ठेव, बाकीची आत. काही दिवसांनी अदलाबदल केलीस की जुनंच तिला नवं वाटेल.

खोली करतानाच पुढचा विचार करून चार गोष्टी करून ठेव. गादीला वॉटरप्रूफ कव्हर घाल. अंथरूण दुहेरी घाल, म्हणजे कव्हर, त्यावर चादर, त्यावर दुसरं कव्हर आणि पुन्हा चादर. रात्री ओलं झालं की वरचे दोन थर उचलायचे, खाली कोरडं अंथरूण तयार. झोपेतल्या मुलीला उभं करून गादी पुसत बसायची वेळ येत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नको, धुता येईल अशी चटई पुरे. पलंग इतका बुटका हवा की तिचे पाय जमिनीला टेकतील. रात्रीचा दिवा मंद आणि पिवळसर घे, पांढरा-निळसर उजेड झोपेच्या आड येतो. आणि पलंगापासून दारापर्यंतची वाट मोकळी ठेव, कारण एक दिवस ती अर्धवट झोपेत त्याच वाटेनं चालत जाणार आहे.

आता पॉटी. वय सव्वादोन झालं म्हणून सुरू करायचं नसतं. ब्रेझलटन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 1962 मध्ये 1,170 मुलांच्या नोंदींवरून लेख लिहिला आणि मुलाच्या तयारीप्रमाणे पुढे जायचं, हा विचार तिथून रुजला. मला तो आजही पटतो. तयारी ओळखायची कशी? डायपर दोन-दोन तास कोरडा राहतो. ओला झाला की ती स्वतः ओढू लागते. ‘चप्पल आण’ म्हटलं की आणते. चड्डी खाली ओढता येते. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे खेळता खेळता एकदम गप्प होते, पडद्यामागे नाहीतर सोफ्याच्या कोपऱ्यात जाते, एका हातानं कड धरते, चेहरा लाल होतो आणि नजर एका जागी थांबते. शी येतेय हे तिला आधी कळायला लागलंय. अशा वेळी ओढत नेऊ नकोस. शांतपणे म्हण, ‘शी येतेय ना? पुढच्या वेळी पॉटीवर करू या.’

यातलं काहीच दिसत नसेल तर खुशाल थांब. शेजारचं मूल दीड वर्षाचं असताना शिकलं असेल. त्याच्याशी तुला काही करायचं नाही.

सुरू करण्याआधी तिला शी मऊ होते का, ते बघ. हे मी दहांदा सांगेन, कारण पाळणाघरात पॉटीवरून जितकी रडारड पाहिली, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा बद्धकोष्ठ असायचं. एकदा खडा होतो, दुखतं. मूल घाबरतं आणि पुढच्या वेळी रोखून धरतं. रोखलं की शी आणखी कोरडी, आणखी कडक. पुढे पुढे आतडं ताणलं जाऊन लागल्याची जाणीवच बोथट होते आणि कडक खड्याच्या कडेनं पातळ शी नकळत चड्डीत झिरपते. आईबाबांना वाटतं, मुद्दाम करते, आणि ते रागावतात. बिचारीला तर कळलेलंही नसतं. तेव्हा शी कडक असेल तर आधी डॉक्टरांना दाखव, पाणी, फळं, भाज्या वाढव, दूध गरजेपेक्षा जास्त होत असेल तर कमी कर आणि पोट सुरळीत झाल्यावरच पॉटी आण.

पॉटी जमिनीवर ठेवायची घे. मोठ्या कमोडवर सीट लावणार असलास तर पायाखाली स्टूल हवंच. पाय लोंबकळले की कुंथायला जोर मिळत नाही. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले की शी सोपी होते. सुरुवातीला कपड्यांनिशी नुसतं बसू दे, बाहुलीला बसवू दे. जेवणानंतर पाच मिनिटं बसवायची सवय लाव. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, त्यामुळे ही वेळ फळते. झालं नाही तर उठू दे, जबरदस्तीनं बसवून ठेवायचं नाही.

दर दहा मिनिटांनी ‘शू आली का?’ विचारू नकोस. मुलं वैतागून ‘नाही’च म्हणतात. त्याऐवजी ‘बाहेर जायचंय, आधी शू करून येऊ’ असं सांग. इलॅस्टिकची सैल चड्डी घाल. बेल्ट, बटणं, अंगभर एकसंध कपडे काही महिने नकोत. पुसताना नेहमी पुढून मागे. मुलींना लघवीचा जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणून हे तूही लक्षात ठेव, फक्त आईवर सोडू नकोस. नंतर तिचे आणि तुझे, दोघांचे हात साबणानं.

जमिनीवर झालं तर? ‘शू खाली झाली. चल, पुसू या,’ एवढंच. तिला फडकं दे, पण शिक्षा म्हणून नाही. ‘छी’, ‘घाण’, ‘एवढी मोठी झालीस तरी’ हे शब्द घरात कुणीच उच्चारायचे नाहीत, आजी-आजोबांनाही प्रेमानं सांग. जमलं तर तोंडभर कौतुक कर, पण प्रत्येक वेळी खाऊ देऊ नकोस, नाहीतर तिचं सगळं लक्ष खाऊकडे जातं. दिवसा तिला जे कुणी सांभाळत असेल त्यांनाही हेच शब्द, हीच पद्धत समजावून दे. घरी एक आणि बाहेर दुसरं झालं तर तिचा गोंधळ उडेल. दोन-तीन आठवडे रडारडच चालली तर पॉटी उचलून ठेव, डायपर परत घाल आणि महिन्याभरानं पुन्हा बघ. यात काही बिघडत नाही.

रात्रीचा डायपर इतक्यात सोडवू नकोस. दिवसा कोरडं राहणं शिकवता येतं, रात्रीचं शरीर पिकल्यावर होतं. झोपेत लघवी कमी तयार व्हावी म्हणून एक हार्मोन काम करतो, त्याचा मेळ काही मुलांत उशिरा बसतो. मूत्राशय भरल्यावर जाग येणं हेही हळूहळूच येतं. आईवडिलांपैकी कुणी लहानपणी उशिरापर्यंत अंथरूण ओलं करत असेल तर मुलातही ते बऱ्याचदा दिसतं. पाच वर्षांपर्यंत काळजी नको. आणि त्यासाठी तिला तहानलेली झोपवू नकोस.

डॉक्टरांकडे कधी जायचं, तेवढं लिहून ठेव. लघवी करताना रडते, लघवीत किंवा शीत रक्त दिसतं, लघवीच्या तक्रारीबरोबर ताप येतो, सहा महिने कोरडी राहिलेली मुलगी अचानक ओली करू लागते, किंवा सारखी तहान लागून सारखी शू होते. यातलं काही दिसलं तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस, त्याच दिवशी दाखव.

तुझी,
मावशी