डिप्रेशनचा आणि समाजातल्या दर्जाचा खरंच काही संबंध आहे का?

आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जॉन प्राइस या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ही कल्पना मांडली. प्राण्यांच्या कळपात दोघांची झुंज होते, हरलेला मान खाली घालतो, कोपऱ्यात बसतो, कशावर हक्क सांगत नाही, मग जिंकणारा त्याला आणखी मारत नाही आणि त्याचा जीव वाचतो, म्हणजे ही माघार कामाचीच असते. माणसातलं डिप्रेशन याच जुन्या सवयीतून आलं असावं असं त्यांचं म्हणणं. त्रास कधी होतो तर हार मान्यही करता येत नाही आणि तिथून निघताही येत नाही, सतत अपमान करणाऱ्या बॉसच्या हाताखाली अडकलेला माणूस बघा.

व्हर्वेट माकडांमधे म्होरक्या नराच्या रक्तात सेरोटोनिन (मूडशी जोडलं जाणारं शरीरातलं एक रसायन) बाकी नरांच्या जवळपास दुप्पट सापडलं आणि पद गेलं की ते उतरायचं. पण यावरून डिप्रेशन म्हणजे फक्त सेरोटोनिनची कमी असं कृपया समजू नका, ते रक्तातलं माप होतं, मेंदूतलं नाही.

उपचारात प्राइस यांच्या कल्पनेचा खरा उपयोग ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी केला. आपणच आपल्याला आतून सारखं टाकून बोलतो आणि मन त्या आवाजापुढेही हरलेल्या प्राण्यासारखंच दबतं, म्हणून त्यांच्या थेरपीत स्वतःशी मायेने वागायचा सराव करून घेतात. गोळ्या चालू असतील तर हे वाचून बंद करू नका, दोन्ही सोबत चालतं.