सही केल्यावर अडून बसणं म्हणजे शब्द मोडणं का?

प्रश्न : मी नाशिकला पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दादा डॅलसला असल्यानं अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला. चांगल्या करारासाठी सरावावर बहिष्कार टाकणारे खेळाडू मला बरोबर वाटतात. बाबा म्हणतात, सही केली की खेळायचं. लेव्हिऑन बेल या खेळाडूवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मला खेळाडूंच्या करारांचंच काम करायचंय. करू का?

उत्तर : आधी बेलचं प्रकरण नीट वाच, कारण त्यात तुम्ही दोघंही चुकताय. 2018 मध्ये तो पिट्सबर्ग स्टीलर्सकडून एकही सामना खेळला नाही, पण त्यानं करार मोडला नव्हता. त्या वर्षाच्या करारावर त्याची सहीच नव्हती! जुना करार संपल्यावर संघानं सलग दुसऱ्या वर्षी ‘फ्रँचाइझ टॅग’ लावला. म्हणजे एका वर्षाचे सुमारे 1 कोटी 45 लाख डॉलर, आणि दुसरीकडे जायची वाट जवळजवळ बंद. बेल रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. त्याच्या अंगावर दर सामन्यात माणसं आदळतात. त्याला पुढच्या काही वर्षांची हमी हवी होती.

बाबांचा मुद्दा लागू पडतो तो अर्ल थॉमसला. त्याच वर्षी सिअ‍ॅटल सीहॉक्सशी त्याचा करार चालू होता, तरी वाढीव करारासाठी तो संघाच्या सराव शिबिराला गेला नाही. शेवटी आला, खेळला आणि चौथ्याच सामन्यात त्याचा पाय मोडला. पुढच्या वर्षी बाल्टिमोर रेव्हन्सनं त्याला घेतलं, पण ज्या भीतीपोटी तो अडून बसला होता, तीच खरी झाली होती.

आता बेलचं पुढे काय झालं ते बघ. 2019 मध्ये न्यूयॉर्क जेट्सनं त्याच्याशी चार वर्षांचा, 5 कोटी 25 लाख डॉलरचा करार केला. बातम्यांमध्ये हाच आकडा झळकला. त्यातले हमीचे होते 3 कोटी 50 लाख. ऑक्टोबर 2020 मध्ये, दुसऱ्याच हंगामात, जेट्सनं त्याला सोडून दिलं. शब्द कोणी मोडला, हे बाबांना विचार. कायद्यानं कोणीच नाही, सोडायची मुभा करारातच होती. पण ती संघाला होती, खेळाडूला नव्हती. मला अन्याय दिसतो तो इथे, आणि म्हणून अडून बसणाऱ्याला मी शब्दबुडवा म्हणणार नाही.

पण हे नियम संघमालकांनी एकट्यानं लादलेले नाहीत. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2020 च्या सामूहिक करारात शिबिर चुकवणाऱ्या अनुभवी खेळाडूला दिवसाला 50,000 डॉलर दंड आला, आणि संघाला तो माफही करता येत नाही. खेळाडूंच्या संघटनेनं हा करार 1,019 विरुद्ध 959 मतांनी मंजूर केला. फक्त साठ मतांचा फरक! त्यात किमान पगार वाढला होता, आणि ज्याचं करिअर दोन-तीन हंगामांत संपणार त्याला तीच रक्कम मोलाची. अडून बसणं स्टार खेळाडूलाच परवडतं. या क्षेत्रात येणार असशील तर बाकीच्यांचे करार वाचायला ये, खरी गरज त्यांना आहे.

तिथला एजंट व्हायचं तर साधारणपणे पदवीवर पदव्युत्तर किंवा कायद्याची पदवी लागते, संघटनेची परीक्षा द्यावी लागते, आणि मोबदला कराराच्या जास्तीत जास्त 3 टक्के. परवाना मिळाला तरी खेळाडू मिळेलच असं नाही. घरचं कर्ज काढून थेट तिकडे जाऊ नकोस. आधी इथे करार कायदा पक्का कर, शक्य तर क्रीडा करार हाताळणाऱ्या वकिलाकडे इंटर्नशिप कर.

सुरुवात भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पासून कर, म्हणजे कामधंद्याला आडकाठी करणाऱ्या करारांबद्दलच्या कलमापासून. पर्सेप्ट डी’मार्क विरुद्ध झहीर खान, सर्वोच्च न्यायालय, 2006. श्रीरामपूरच्या या गोलंदाजानंही सही केली होती, आणि करार संपल्यावरही नव्या एजन्सीकडे जाण्याआधी जुन्या कंपनीला पहिली संधी द्यायची, अशी अट त्यात होती. न्यायालयानं ती अट मानली नाही. हा निकाल बाबांसोबत बसून वाच, आणि त्यांचं मत काय पडलं ते मला कळव.