फ्लॉवरच्या गड्ड्याला नुसता रंग आलाय का कुज लागलीय? आधी हात लावून बघा

परतीचा पाऊस झाला, आता सकाळचं धुकं पडायलंय, आणि आपल्या बेळगाव भागातल्या कडोली, अगसगे, उचगाव, खानापूर सगळीकडनं फ्लॉवरचे फोटो यायला लागलेत, प्रश्न सगळ्यांचा एकच, "साहेब गड्डा खराब झालाय, काय मारू?" खरं सांगू का, बऱ्याच फोटोतल्या गड्ड्यांना काही झालेलंच नाही. उगाच दुकानात जाऊन शंभर-दोनशेच्या पुड्या आणू नका.

कडोलीच्या एका भावाचा गड्डा पिवळा पडलाय, मधे मधे गुलाबी-जांभळट झाक पण हाय. पिवळा पडतो तो उन्हानं, आतली पानं उघडी पडली आणि थेट ऊन लागलं की दोन-तीन दिवसात पांढरा रंग जातो. गुलाबी येतो तो थंडी-ऊन कमीजास्त झालं की, झाडाचाच रंग तो, रोग नव्हे. बोटानं दाबा, कडक लागला, वास नाही, तर खायला एकदम चांगला. दलाल भाव पाडणार हे खरं, गोव्याच्या गाडीला पांढराच माल लागतो, म्हणून गड्डा अंड्याएवढा झाला की वरची दोन-तीन पानं मोडून झाका किंवा बांधा. पण बांधून आठ-आठ दिवस विसरू नका! गरम दिवसात तीन-चार दिवस बास, नाहीतर आत दव आणि घाम साठतो आणि झाकलेल्या गड्ड्यातच खरी कुज सुरू होते, वरनं कळत पण नाही.

उचगावच्या ताईंनी लिहिलंय की गड्ड्यावर पांढरी बुरशी आलीय, मखमलीसारखी. ताई, अंगठ्यानं घासून बघा. बुरशी असली तर पुसली जाते, बोटाला राखाडी किंवा काळी पूड लागते. तुमच्या फोटोत बारीक बारीक कळ्या वर आलेल्या दिसतात, त्या घासून जाणार नाहीत. गरमी वाढली, युरिया जास्त झाला नाहीतर काढायला उशीर झाला की असं होतं. फवारून काही उपयोग नाही, आज-उद्या काढून विकून टाका.

आता खानापूरकडचा प्रश्न जरा वेगळा हाय. तिथं गड्ड्यावर आधी पाणी पडल्यासारखे ओलसर डाग, मग तांबूस-तपकिरी. सगळे म्हणतात कुज, पण गड्डा कापून देठ उभा चिरा. देठ आत पोकळ आणि पोकळीच्या भिंती तपकिरी असल्या तर ती बोरॉन या अन्नद्रव्याची कमी, तसला गड्डा चवीला पण कडवट लागतो. तांबड्या जमिनीत आणि एवढ्या पावसात बोरॉन धुवून जातं, त्याला बुरशीनाशक काय करणार? देठ पोकळ पण आतनं स्वच्छ पांढरा असला तर बहुतेक नत्र जास्त झालंय, युरियाचा हात आवरा. डाग पडलेला गड्डा परत पांढरा होणार नाही, पण मागनं येणाऱ्या लावणीला 20 टक्केवालं बोरॉन लिटरला 1 ग्रॅम फवारा, आणि पुढच्या वेळी लावणीआधी शेणखताबरोबर एकरी 4 ते 6 किलो बोरॅक्स (बोरॉनचंच खत) टाका. शेजाऱ्यानं डबल टाकलं म्हणून तुम्ही डबल टाकू नका, जास्त बोरॉननं पानाच्या कडा करपतात.

खरी कुज ओळखायला फार डोकं लागत नाही, नाक लागतं. डागावर बोट ठेवलं की आत जातं, चिकट पाणी येतं आणि असला घाण वास की जवळ उभं राहवत नाही. हे बॅक्टेरियाचं काम, अळीनं पाडलेल्या भोकातनं नाहीतर खुरप्याच्या जखमेतनं शिरतं. पानाच्या कडेनं इंग्रजी व्ही सारखे पिवळे डाग आणि शिरा काळ्या दिसल्या तर घाण्या रोग आधीच आलाय, त्याच्या मागनं ही कुज बऱ्याचदा येते. सुरू झालेली कुज कुठल्याच औषधानं थांबत नाही, दुकानदार काय पण सांगू दे. तो गड्डा पानासकट उपटा, बांधावर टाकू नका, लांब खड्ड्यात पुरा, कोयता ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून मग दुसऱ्या झाडाला लावा. स्प्रिंकलर बंद, पाणी सरीतनं सकाळी द्या. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी आवरली तर अर्धी कुज तिथंच थांबते.

तपकिरी-काळे कोरडे डाग आणि बोटाला काळी पूड लागली तर ती करपा बुरशी. जुनी पानं काढून टाका, मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम चालतं, पण काढणी जवळ आलेल्या गड्ड्यावर नको, डब्यावर किती दिवस थांबायचं लिहिलेलं असतं ते वाचा.

माल भरताना दव वाळू दे, ओला गड्डा क्रेटमधे घालू नका, एक कुजका गेला तर गोव्याला पोचेस्तोवर अख्खं क्रेट जातं. आणि फोटो पाठवायचा तर वरनं एक, देठ चिरून एक आणि खालच्या पानाचा एक असे तीन पाठवा, नुसत्या वरच्या फोटोवरनं मी काय सांगू.